गाण्याचे दुकान आणि कवीचे नाव

मुंबईच्या काळा घोडा परिसरातले ‘ऱ्हिदम हाउस’ हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान २०१६च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून एखाद्या थोर व्यक्तीवर लिहावेत तसे मृत्युलेख आले. १९४०च्या दशकात सुरू झालेल्या या दुकानात आधी गाणे ऐकून मग तबकडी विकत घेता येत असे, तिथल्या विक्रेत्यांना संगीताची उत्तम जाण होती, अशा आठवणी पुष्कळांनी लिहिल्या. त्या योग्यच होत्या. त्याच्या काही वर्षे आधी आमच्या शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, गुलमंडी ते पैठण गेट या टप्प्यातले कॅसेटचे एक दुकान बंद झाले. त्याच्यावर कुणी ओळही लिहिली नाही. आम्हीही लिहिली नाही. आमच्यापैकी दोघांनी विद्यार्थिदशेत त्या दुकानाच्या पायरीवर कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या, तरीही लिहिली नाही.

खरे म्हणजे ते दुकान ‘बंद झाले’ असेही म्हणता येत नाही. प्रथम एका फळीवर मोबाइलची वेष्टने आली. मग काउंटरवर संगणक आला आणि बाहेर पाटी लागली : ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील.’ पुढे स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेट आल्यावर गाणी भरून घ्यायलाही कुणी येईना. आज तिथे चार्जर, इअरफोन आणि मोबाइलच्या काचा मिळतात. मालक तेच आहेत. जुन्या कॅसेटी पोटमाळ्यावर खोक्यांत आहेत. दुकान टिकले, दुकानदार टिकला, फक्त दुकानातले गाणे गेले.

गाण्याचे स्वतंत्र दुकान डिजिटल युगात टिकेल काय, हा प्रश्न जगभर विचारला जातो, आणि त्याचे एक ठरावीक आशादायी उत्तरही दिले जाते. अमेरिकेतील स्वतंत्र रेकॉर्ड दुकानदारांनी २००७ साली एकत्र येऊन वर्षातला एक दिवस अशा दुकानांचा म्हणून साजरा करण्याची कल्पना मांडली. पहिला ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ २००८च्या एप्रिलमध्ये झाला. पुढे विनाइलच्या तबकड्यांना पुन्हा मागणी आली, इतकी की २०२२ साली अमेरिकेत त्या सीडींपेक्षा अधिक संख्येने विकल्या गेल्या. १९८७ नंतर हे प्रथमच घडत होते. आपल्याकडेही मुंबईसारख्या शहरात तबकड्यांचे नवे शौकीन आणि त्यांना माल पुरवणारी नवी दुकाने निर्माण झाली. यावरून ‘तबकडी परत आली, दुकान वाचले’ असा निष्कर्ष काढला जातो.

हे उत्तर आमच्या उपयोगाचे नाही. अडीच-तीन हजार रुपयांची तबकडी आणि तिच्या अनेकपट किमतीचे यंत्र घेणारा ग्राहक मराठवाड्यात किती, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. मुख्य अडचण वेगळीच आहे. मराठवाड्याच्या बहुसंख्य समाजाच्या घरात गाणे विकत आले ते तबकडीच्या रूपाने नव्हे, तर कॅसेटच्या रूपाने. आणि कॅसेटला तबकडीची प्रतिष्ठा नाही. तबकडी दिवाणखान्यात मिरवता येते, कॅसेट भंगारात जाते. म्हणून पुनरुज्जीवनाच्या या कथेत काळा घोडा बसतो, गुलमंडी बसत नाही. मग गुलमंडीच्या दुकानाबरोबर नेमके काय गेले आणि ते जाऊ देणे साहित्याच्या अभ्यासकांना परवडणारे आहे काय, एवढाच प्रश्न आम्हांला येथे मांडायचा आहे.

कॅसेटपूर्व काळात, म्हणजे १९७०च्या दशकापर्यंत, भारतातील ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय जवळजवळ एकाच कंपनीच्या, एचएमव्हीच्या, हाती होता. काय मुद्रित व्हावे हे थोड्या लोकांच्या पसंतीवर ठरत असे. फिलिप्सने १९६३ साली बाजारात आणलेली कॅसेट आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांत सर्वत्र पोचली आणि हे चित्र पालटले. ध्वनिमुद्रणाचा खर्च कमी झाला, प्रती काढणे सोपे झाले, छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि कोणत्याही मोठ्या कंपनीने कधी विचारले नसते असे गाणे बाजारात आले. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात ही प्रक्रिया सविस्तर मांडली आहे. मराठवाड्यात तिचे रूप आम्ही डोळ्यांनी पाहिले. पैठणच्या नाथषष्ठीला भारुडांच्या आणि कीर्तनांच्या कॅसेटी, खुलताबादच्या उरुसात कव्वालीच्या, आणि नागसेनवनाच्या परिसरात, नामांतर दिनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी, पुस्तकांच्या शेजारीच मांडलेल्या भीमगीतांच्या कॅसेटी. गुलमंडीच्या दुकानात यांतले सगळेच एका भिंतीवर असायचे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्या भिंतीवर दोन ठिकाणी भेटे, विठ्ठलाच्या फळीवर आणि बाबासाहेबांच्या फळीवर. मराठी वाङ्मयाच्या आमच्या इतिहासग्रंथांत हे दोन प्रवाह इतके जवळ कधी आले नाहीत.

दुकानाचे गुणगान करताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. या दुकानांतला बराच धंदा बेकायदा होता. आपण कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, सोबत साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, आणि दोन दिवसांनी ‘भरलेली’ कॅसेट घेऊन जायची. मेमरी कार्डात गाणी ‘भरणे’ हे त्याचेच पुढचे पाऊल. कवीला, गायकाला यातून छदामही मिळत नव्हता. छोट्या कंपन्यांपैकी अनेकींनी कवीला एकदाच काही रक्कम हातावर टेकवली आणि हक्क लिहून घेतले, हेही सर्वज्ञात आहे. तेव्हा आम्ही ज्याचा शोक करतो आहोत तो काही सत्ययुगातला बाजार नव्हता.

तरीही त्या बाजारात एक गोष्ट होती, आणि ती आज उरलेली नाही. ती म्हणजे गाण्याविषयीची माहिती एका माणसाजवळ आणि एका कागदावर एकत्र सापडत असे. ग्राहक येऊन म्हणायचा, “ते नाही का, लग्नात वाजतं ते, त्यात रमाईचं नाव येतं,” आणि मालक मागे न पाहता हात वर करून नेमकी कॅसेट काढायचे. त्याच कवीची आणखी एक आहे, पण तिच्यात चाल बिघडवली आहे, हेही ऐकवायचे. यातली निवड, तुलना आणि मूल्यनिर्णय या क्रियांना आम्ही वर्गात समीक्षा म्हणतो. ते तिला गिऱ्हाइकी म्हणत असत.

आता साहित्याच्या अभ्यासकाने यात का पडावे, हा प्रश्न कुणी विचारील. गाणे हा संगीताचा विषय, बाजार हा अर्थशास्त्राचा विषय, मग मराठीच्या प्राध्यापकांनी कॅसेटच्या खोक्यांची चिंता कशाला करावी? याचे उत्तर म्हणून आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासातलेच एक उदाहरण घेऊ. ना. घ. देशपांडे हे विदर्भातल्या मेहकरचे कवी. त्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गायक गजानन वाटव्यांच्याही आधीच्या पिढीतल्या जी. एन. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी गायिली आणि तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या वाटचालीतला हा एक प्रारंभबिंदू मानला जातो. कवीचा ‘शीळ’ हा पहिला संग्रह मात्र प्रसिद्ध झाला १९५४ साली. म्हणजे मधली वीसएक वर्षे ही कविता महाराष्ट्राने संग्रहाच्या पानावर वाचली नव्हती, तबकडीवर ऐकली होती. ज्या दुकानात ती तबकडी मिळत होती, ते दुकान त्या काळापुरते तिचे पुस्तकविक्रेते होते. शिवाय ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी एवढाच ऐवज तिच्यात मावे. भावगीताचा जो आकार आपण त्या काव्यप्रकाराचा स्वभाव म्हणून शिकवतो, तो घडवण्यात त्या तबकडीच्या लांबीचाही वाटा होता. माध्यम वजा करून या कवितेचा इतिहास लिहिता येत नाही.

जे भावगीताच्या बाबतीत काही अंशी खरे, ते आंबेडकरी गीताच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर खरे आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गीते रचली आणि गायिली. त्यांचे ‘वाटचाल’, ‘मोहळ’ यांसारखे संग्रह निघाले, त्यांच्यावर अभ्यासकांनी लिहिले, आणि आज ते अभ्यासक्रमातही दिसतात. पण वामनदादा हे या परंपरेचे शिखर होत. त्यांच्याभोवती तालुक्या-तालुक्यातले कितीतरी कवी होते. त्यांच्या नावावर एकही छापील संग्रह नाही. त्यांचे प्रकाशन म्हणजे कॅसेट, त्यांचे पुस्तकविक्रेते म्हणजे जयंतीच्या मिरवणुकीच्या कडेला सतरंजी अंथरून बसलेला माणूस, आणि त्यांचे ग्रंथालय म्हणजे गुलमंडीसारख्या दुकानातली भिंत. आनंद पटवर्धन यांच्या ‘जयभीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात ही गाणी वस्त्यांमध्ये काय काम करतात, हे पाहावयास मिळते. ज्या वाङ्मयाचे छापील रूपच नाही, त्याच्या बाबतीत कॅसेट ही पुस्तकाची पुरवणी नसून मूळ प्रत असते.

येथे आम्ही मुख्य मुद्द्यापाशी येतो, आणि तो कवीच्या नावाचा आहे. तोंडातोंडी फिरणाऱ्या रचनेवरून कर्त्याचे नाव गळून पडते, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी नाव रचनेच्या आतच विणून ठेवले. पैठणच्या नाथांची ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा शेवटच्या चरणात येते. आमच्याच शहरात अठराव्या शतकात होऊन गेलेल्या सिराज औरंगाबादींचे नाव गझलेच्या मक्त्यात येते. वामनदादांच्या गीतांतही शेवटच्या कडव्यात ‘वामन’ भेटतो. ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळीही हेच घडले. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, आणि त्या काळच्या तबकड्यांवर गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारताना ऐकू येतात. पुढे हे काम तबकडीच्या मधल्या गोल कागदाने आणि कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कागदाने केले. ‘गीत’, ‘संगीत’, ‘स्वर’ असे तीन शब्द आणि त्यांच्यापुढे तीन नावे. छपाई सुमार, शुद्धलेखन त्याहून सुमार, पण नाव असे.

हे नाव छापणे बहुतांशी रूढीवर चालले होते. आपल्या स्वामित्व हक्क कायद्यात १९८४ साली घातलेल्या ५२-अ या कलमाने ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक केले. या यादीत कवीचे नाव नाही. कायद्याने मालक नोंदवला, कर्ता नोंदवला नाही. कर्ता नोंदवला तो रूढीने, आणि रूढी त्या कागदाबरोबर संपली. आज मोबाइलवर येणाऱ्या गाण्याला माहितीचे रकाने असतात, पण ते भरण्याची सक्ती कुणावर नाही. चित्रफितीखाली गायकाचे नाव असते, वाहिनीचे नाव तर ठळकच असते, प्रसंगी ध्वनिक्षेपक व्यवस्थेच्या मालकाचेही असते. कवीच्या नावाची जागा बहुधा रिकामी असते.

याचा प्रत्यय आम्हांला वर्गातच आला. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना आम्ही एका प्रसिद्ध भीमगीताचा कवी शोधून आणण्यास सांगितले. गीत वर्गातल्या जवळजवळ सर्वांना पाठ होते. उत्तरे तीन प्रकारची आली. काहींनी गायकाचेच नाव कवी म्हणून लिहिले. बहुतेकांनी वामनदादांचे लिहिले, कारण भीमगीत म्हटले की वामनदादा, हा संकेत. नामवंताच्या नावावर अनामिकांची रचना जमा होणे ही प्रक्रिया संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना नवी नाही. आपल्या प्रक्षिप्त अभंगांचा इतिहास तोच आहे. एका विद्यार्थिनीने मात्र तिसरेच नाव आणले, आणि ‘माझे आजोबा सांगतात’ एवढाच आधार दिला. तिला कुणी फारसे गंभीरपणे घेतले नाही. आम्हीही नाही.

मग आम्ही गुलमंडीच्या मालकांना गाठले. पोटमाळ्यावरची दोन खोकी उतरवल्यावर ती कॅसेट सापडली. आतल्या कागदावर आजोबांनी सांगितलेलेच नाव होते. कॅसेट लावून ऐकली, तेव्हा दुसरीही गोष्ट लक्षात आली. मोबाइलवर फिरणाऱ्या रूपात शेवटचे कडवे नव्हते. कॅसेटवर ते होते, आणि कवीची मुद्रा त्याच कडव्यात होती. कुणीतरी गाणे आटोपशीर करताना शेवटचे कडवे कापले आणि त्याच्याबरोबर कवीही कापला गेला. यामागे कुणाचा दुष्ट हेतू असेल असे आम्हांला वाटत नाही. ज्याने कापले त्याला तिथे कवी आहे हे ठाऊकच नसावे. मालक आमच्याकडे पाहून म्हणाले, “सर, कवीचं नाव विचारणारं गिऱ्हाईक दोनच प्रकारचं. एक तुम्ही मास्तर लोक, आणि दुसरा तो कवी स्वतः. तो यायचा, कागद उलगडायचा, आपलं नाव बघायचा आणि कॅसेट न घेता जायचा.”

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. कॅसेटच्या काळात कवी-गायकाला कंपनीच्या आणि दुकानदाराच्या दारात उभे राहावे लागे. आज त्याची गरज उरलेली नाही. आमच्याच शहरातल्या कडुबाई खरात यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. हातात एकतारी घेऊन भीमगीते गाणाऱ्या या गायिकेचा आवाज मोबाइलवरच्या चित्रफितींमधून महाराष्ट्रभर पोचला. कोणत्याही कॅसेट कंपनीने त्यांना हे इतक्या लवकर दिले असते काय? नसते, हे आम्ही मान्य करतो. आंबेडकरी गीताला नव्या माध्यमाने जो श्रोता दिला तो गुलमंडीच्या भिंतीला कधीच देता आला नसता. कॅसेटनेही पूर्वी एचएमव्हीची मक्तेदारी अशीच मोडली होती. तेव्हा तिचे स्वागत करायचे आणि आताच्या माध्यमाला नावे ठेवायची, हा दुटप्पीपणा होईल.

पण प्रसार आणि जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत. नवे माध्यम प्रसार करते. जतनाची जबाबदारी त्याने कधी स्वीकारलेली नाही. वाहिनी बंद झाली, खाते गेले, कुणी हक्काची तक्रार केली, की गाणे एका रात्रीत नाहीसे होते आणि ते होते याचा पुरावाही मागे राहत नाही. निवडीचेही तसेच. सारेगामा कंपनीने २०१७ साली पाच हजार हिंदी गाणी आत भरलेले ‘कारवाँ’ हे यंत्र बाजारात आणले, पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. घरोघरी वडीलधाऱ्यांना ते आवडले, आमच्याही घरी आहे. पण ती कंपनीच्या भांडारातली, कंपनीने निवडलेली गाणी आहेत. नामांतर दिनाच्या सतरंजीवरचे गाणे त्यात येण्याचा संभव नाही. दुकानदाराची निवडही बाजाराचीच होती, परंतु तिच्याशी भांडता येत असे. “हे नको, ते दाखवा” असे म्हणता येई, आणि आपण मागितलेले त्याच्याकडे नसले तर पुढच्या वेळी तो आणून ठेवी.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे वळतो. दुकानदाराने दुकान बदलले यात त्याची चूक नाही, त्याला संसार आहे. ग्राहकाने फुकट मिळणारे गाणे विकत घेतले नाही यातही नवल नाही. प्रश्न मराठी विभागांचा आहे. आम्ही लोकसाहित्य शिकवतो, दलित साहित्य शिकवतो, वाङ्मयप्रकार म्हणून शाहिरी शिकवतो. विद्यापीठाच्या कक्षेतल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत दलित आत्मकथने आहेत, कवितासंग्रह आहेत, त्यांच्यावरची समीक्षा आहे. भीमगीतांच्या कॅसेटींचा पद्धतशीर संग्रह असलेले महाविद्यालयीन ग्रंथालय आम्ही तरी पाहिलेले नाही. छापले ते साहित्य आणि गायिले ते मनोरंजन, असा एक अलिखित नियम आम्ही पाळत आलो. आंबेडकरी गीताविषयी आमच्या वर्गांत जी आस्था व्यक्त होते ती छापील ओळीवर येऊन थांबते. दुकानाचा मृत्यू आम्हांला दिसला नाही, कारण ते दुकान आमच्या दृष्टीने वाङ्मयीन संस्था नव्हते.

मौखिक रचनेची मेहनतीने नोंद करण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रितही केल्या. ‘पारी’ या संस्थेने तो संग्रह लोकांसाठी खुला करताना गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव आवर्जून नोंदवले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या हौशी संग्राहकांच्या संस्थेने ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसंबंधी चिकाटीने काम केले. ओवीला आणि तबकडीला असे वाली मिळाले. कॅसेट मधल्या मध्ये राहिली. ती ओवीइतकी जुनी नाही आणि तबकडीइतकी देखणी नाही.

शिवाय तिच्याजवळ वेळ नाही. कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. उष्णता आणि दमट हवा यांनी ते चिकटवण खराब होते, पट्टीवर बुरशी धरते, आवाज मंदावतो. मराठवाड्यातला मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा पत्र्याच्या पोटमाळ्यावर काय करीत असेल, हे सांगण्याची गरज नाही. त्यात ती वाजवणारी यंत्रे आणि दुरुस्त करणारी माणसेही दुर्मीळ होत आहेत. युनेस्कोने ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर २०१९ साली चुंबकीय फितींविषयी एक इशारा मोहीम हाती घेतली. २०२५च्या सुमारास अशा फिती नेमाने वाजवून त्यांचे डिजिटल रूपांतर करणे सर्वसाधारण संस्थांच्या आवाक्याबाहेर जाईल, अशी तज्ज्ञांची भीती तिच्या मुळाशी होती. ते साल उलटून गेले आहे.

तेव्हा दुकान वाचवा, अशी आमची मागणी नाही. ते आता वाचायचे नाही, आणि इअरफोन विकणाऱ्या माणसाने केवळ आमच्या स्मरणरंजनासाठी पुन्हा कॅसेटी मांडाव्यात, असे म्हणणे हा उद्धटपणा ठरेल. आमचे म्हणणे एवढेच, की दुकान करीत होते ते काम आता मराठीच्या विभागांनी आणि ग्रंथालयांनी आपले मानावे. कायदा यात आडवा येत नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो, म्हणजे १९८५च्या कॅसेटवर तो २०४५ अखेरपर्यंत राहील, आणि ती सर्वांसाठी खुली करणे आज आपल्याला शक्य नाही. पण कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या बिगर-डिजिटल प्रतीचे जतनासाठी डिजिटल रूप करून ठेवण्याची मुभा दिली आहे. म्हणजे ग्रंथालयाकडे आधी कॅसेट असली पाहिजे. ती घेण्यासाठी फार पैसाही लागत नाही.

आणि ध्वनीइतकीच त्या कागदाची नोंद महत्त्वाची आहे. त्याला तर यंत्रही नको. गीताचे आरंभीचे शब्द, कवी, संगीतकार, गायक, कंपनी आणि तिचे गाव, वर्ष, शेवटच्या कडव्यातली मुद्रा, आणि कॅसेट कोणाकडे सापडली त्याचे नाव, एवढ्या रकान्यांची एक वही पुरे. दर वर्षी एम.ए.चे विद्यार्थी प्रकल्प म्हणून ठरीव कादंबऱ्यांवर ठरीव निबंध लिहितात. त्यांतल्या चौघांनी आपल्या तालुक्यातल्या एकेका जुन्या दुकानाची अशी सूची केली, तर पाच वर्षांत मराठवाड्याच्या गेय वाङ्मयाची एक संदर्भसूची उभी राहील. त्या निमित्ताने दुकानदारांना बोलते करता येईल, कारण कागदावर नसलेली अर्धी माहिती त्यांच्या डोक्यात आहे आणि ती माणसे आता साठी-सत्तरीला आली आहेत. ज्या कवीचे नाव लागेल तो हयात असेल तर त्याला वर्गात बोलवावे. हयात नसेल तर त्याच्या घरी जाऊन सांगावे. कर्तृत्वाचा हक्क कायद्यानेही कवीला दिलेला आहे, पण तो हक्क मागण्यासाठी आधी कुणाला तरी नाव ठाऊक असावे लागते.

आम्ही स्वतः आरंभ केला आहे. गुलमंडीच्या मालकांनी दोन खोकी आमच्या हवाली केली. पैसे विचारले तर म्हणाले, “भंगारवाला किलोवर घेत होता, त्याला दिली नाहीत. तुमच्याकडून काय घेऊ?” आतापर्यंत साठ-सत्तर कागद उतरवून झाले. अनेक नावे आम्ही आयुष्यात प्रथमच वाचली. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसांनी हे सांगताना संकोच वाटायला हवा, आणि तो वाटतो. त्या विद्यार्थिनीच्या आजोबांना मात्र आम्ही अजून भेटलेलो नाही. येत्या सुटीत जाणार आहोत. कॅसेट सोबत नेऊ, आणि ती वाजवणारे यंत्रही.